पाण्याला ऊन लागू द्या

वडिलांचा बैलांवर इतका जीव की आई म्हणायची, पुढच्या जन्मी तुमच्या गोठ्यातच येते, जरा लाड तरी होतील. तलवाड्याच्या अलीकडे आमचं गाव आणि गावाखाली पाझर तलाव. हिवाळ्यात बाकीचे लोक भल्या सकाळीच जनावरं धुऊन मोकळे होत. वडिलांना ते पटायचं नाही.

"गार पाण्यात कशापायी घालायचं मुक्या जीवाला?" ते म्हणायचे. "पाण्याला जरा ऊन लागू द्या."

दुपारी काठाचं पाणी कोमट झालं की ते जोडी आत घालत आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून गवताच्या बोळ्याने आधी डावा बैल, मग उजवा, असं निवांत घासत. शेवाळात बारक्या गोगलगायी असायच्या. त्यांच्याकडे कोण बघतो? घरी आल्यावर वडिलांच्या पोटऱ्या खाजायच्या. शेवाळ बाधलं म्हणून ते खोबरेल चोळत.

मग डावा बैल घोरायला लागला. आधी आम्ही हसलो. आई म्हणाली, "आता धनी आन् बैल दोघंबी घोरत्यात, मी निजू कुठं?" पुढे त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं आणि हसणं थांबलं. शेताच्या या टोकापासून त्या टोकाला गेला की तोंड उघडून उभा राहायचा.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. बॅटरी लावून नाक बघितलं, तर आत गाठी धरलेल्या. पाण्यावर कधी नेता, त्यांनी विचारलं. वडिलांनी मोठ्या समाधानाने सांगितलं, दुपारी, ऊन लागल्यावर. बाईंनी बॅटरी विझवली. मग हळू आवाजात समजावलं, की हा रोग तलावातल्या गोगलगायीपासून होतो. पाणी गार असतं तोवर ती गप्प असते. पाणी तापलं की तिच्या अंगातून डोळ्यांना न दिसणारी कृमींची पिल्लं सुटतात आणि जनावराच्या कातडीतून आत शिरतात. माणसाच्या पायात ती मरतात, नुसती खाज उठते. बैलाच्या अंगात मात्र वाढतात आणि नाकात गाठी धरतात.

"म्हंजी, सकाळी नेला असता तर?" वडिलांनी विचारलं.

"तसं नक्की नाही सांगता येत," बाई म्हणाल्या. बाई चांगल्या होत्या, पण त्यांना खोटं नीट बोलता येत नव्हतं.

इंजेक्शनं झाली. उजवा तगला. डावा उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी श्वास घेता घेता गेला. बांधाजवळ खड्डा खणून, मीठ घालून त्याला पुरला. सकाळी धुणाऱ्यांचे बैल ठणठणीत होते. मला बाईंचा फार राग आला. बैल जायचा तो गेला असता, वडिलांना ते कळायची काय गरज होती? तो राग अजून गेलेला नाही.

यंदा थंडीत माहेरी गेले, तर माझी लेक अंगणात कुडकुडत होती. मी वडिलांना म्हटलं, घ्या की तिला गोधडीत. ते गोधडी हातात धरून तसेच उभे राहिले.

"चालंल ना तिला?" त्यांनी मला विचारलं. "काय व्हायचं न्हाई ना?"