एकच खिळा
भिंतीला ड्रिल लावल्यावर उडणाऱ्या भुकटीचा वास आला की मला पुंडलिकनगरातलं आमचं भाड्याचं घर आठवतं. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, एवढीच घरमालकांची अट होती, त्यामुळं आमचे देव, आरसा आणि कॅलेंडर कायम कपाटाला टेकून उभे असत. मंदीच्या एका वर्षी फ्लॅटचे भाव उतरले. दारात सिमेंटचे रोमन खांब उभारलेल्या एका बिल्डरनं आम्हाला सरबत पाजलं आणि आणखी कमी करायचीही तयारी दाखवली. आईनं तिथल्या भिंतीवरून हात फिरवला. "अहो, घेऊन टाका ना. एक खिळा तरी आपल्या मनानं ठोकीन." वडील हसले. "थांब गं, अजून पडतील भाव. गरज त्याला आहे, आपल्याला नाय." मी नुकताच कॉलेजात अर्थशास्त्र शिकायला लागलो होतो, म्हणून भाड्यानं राहणंच कसं शहाणपणाचं, हे तिला समजावून सांगितलं. "व्हय बाबा, तू शिकलेला," ती म्हणाली आणि तिनं पुन्हा विषय काढला नाही. भाव खरंच आणखी पडले, पण तोवर आई दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. तेराव्याला कपाटाला टेकवलेला तिचा फोटो हार घातला की घसरायचा. ते बघून घरमालक घरी गेले आणि हातोडी-खिळा घेऊन आले. "ठोका, भाऊ." वडिलांच्या हातून खिळा तीनदा वाकला. आता घर माझं आहे, भाव चढल्यावर घेतलेलं. तिथं कितीही खिळे ठोकता येतात, पण मी अजून एकच ठोकला आहे.