आईने घरी केलेलं पील

आईच्या दोन्ही गालांवर वांग होते. मला कळायला लागल्यापासून ते तिथेच होते, त्यामुळे मी कधी त्यांच्याकडे निराळं असं पाहिलंच नाही. वर्ध्याजवळच्या एका गावात ती शाळेत शिकवायची. अंघोळ, वेणी, साडी आणि एस.टी., एवढीच तिची सकाळ. आरशापुढे रेंगाळताना मी तिला पाहिलेलं नाही. निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडे हडपसरला राहायला आली. मी आयटीत होते, दादा अमेरिकेत होता. त्याला मुलगी झाली, आणि आईचा सगळा जीव मोबाईलच्या पडद्यात गेला.

त्या शनिवारी मी घरूनच काम करत होते. कानात हेडफोन, समोर मीटिंग. आई बाथरूममधून बाहेर आली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बघ बरं, कशी दिसून राहिली मी?"

मी वर पाहिलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. क्रीम लावल्यासारखा नव्हे, कातडीच्या आतून चुना वर आल्यासारखा. डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती तेवढा तिचा सावळा रंग उरला होता. आणि ती हसत होती.

"थोडं झोंबून राहिलं," ती म्हणाली. "पण झोंबतेच म्हणे. गोरी झाली की नाही?"

माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. हेडफोन खाली पडला, त्यातून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत राहिलं. मी तिला हाताला धरून बेसिनपाशी ओढलं, नळ सोडला आणि ओंजळीने तिच्या तोंडावर पाणी मारत सुटले.

"अगं, खायचा सोडा दे, व्हिडिओत सोडा लावते ती बाई," आई पाण्यातून बोलत होती.

"काही नाही लावायचं. डोळे मीट."

बेसिनच्या कडेला एक छोटी तपकिरी बाटली होती आणि शेजारी केसांना कलप लावायचा ब्रश. मी लेबल वाचलं. ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फॉर प्रोफेशनल यूज ओन्ली.

"हे वाचलं नाहीस का तू?"

"वाचलं ना. प्रोफेशनल म्हणजे चांगल्या क्वालिटीचं."

माझ्या आईने आयुष्यभर पोरांना इंग्रजी शिकवलं होतं.

ऑफिसातल्या मैत्रिणीने सदाशिव पेठेतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंचं नाव सांगितलं. आम्ही रिक्षा केली. आईने ओला रुमाल गालांवर धरला होता. पांढरेपणा ओसरून आता खाली लालभडक दिसायला लागलं होतं, डोळ्यांखाली सूज चढत होती. रिक्षावाल्याने आरशातून दोनतीनदा पाहिलं. सिग्नलला त्याने इंजिन बंद केलं आणि मागे वळला.

"मावशी, कुणी टाकलं हो? आधी पोलीस चौकीत घेऊ का?"

बाहेरून हे असं दिसत होतं तर.

"कोणी नाही बाबा," आई रुमालाआडून म्हणाली. "मीच लावलं."

त्याने रिक्षा सुरू केली. खड्डे चुकवत फार हळू नेली त्याने.

डॉक्टरबाई वयस्कर होत्या. त्यांनी आधी आईचे डोळे तपासले, मग चेहरा, मग बाटली उजेडात धरली.

"अहो, चेहरा आहे तो. संडासची फरशी नाही," त्या म्हणाल्या. "पील करायला, म्हणजे वरची कातडी सोलून काढायला, हे ॲसिड आम्हीसुद्धा इथे जपून, थोडं थोडं लावतो. तो पांढरेपणा म्हणजे गोरेपणा नव्हे, कातडी भाजल्याची खूण आहे. तुमच्या मुलीने नुसतं पाणी मारलं ते बरं केलं. आता सांगा, याआधी काय लावत होतात?"

"काही नाही," मी म्हणाले.

"मी त्यांना विचारलं."

आईने पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून एक चेपलेली ट्यूब काढून टेबलावर ठेवली. मी ती कधीही पाहिली नव्हती.

"मेडिकलवाल्यानं दिली होती. वांगावर चांगली आहे म्हणे."

"कधीपासून?"

"ही दहावीत होती तवापासून."

मी आईकडे पाहतच राहिले. आधी गावी, आता हडपसरला, एका घरात, एका खोलीत झोपून, मला पत्ता नव्हता.

डॉक्टरबाईंनी ट्यूब वाचली. "यात स्टेरॉइड आहे. म्हणजे कातडी आधीच पातळ करून ठेवलीत आणि वर ॲसिड ओतलंत. छान." मग त्यांचा आवाज उतरला. "इतकं कशासाठी केलंत?"

"मोबाईलवर पोराशी बोलते ना," आई म्हणाली. "तिथं कोपऱ्यात आपलाच चेहरा दिसते. नातीकडे पाहायचं, तर नजर तिथंच जाते." मग ती म्हणाली, "शाळेतले पोट्टे मला डागवाल्या मॅडम म्हणत. त्यांना वाटे मला ऐकू येत नाही."

पुढचे दिवस वाईट गेले. कातडी काळपट, करकरीत झाली आणि पापुद्रे सुटू लागले. ते ओढायचे नाहीत, आपोआप गळू द्यायचे, अशी सक्त ताकीद होती. आई झोपेत खाजवेल म्हणून मी तिची नखं कापली. घरातसुद्धा खिडकीपाशी बसायची तिला मनाई होती. खालून गुलाबी कातडी आली तेव्हा आम्ही दोघी हरखलो, आणि मग ती गुलाबी कातडीच काळवंडली. वांग होते त्याहून गडद डाग हनुवटीपर्यंत पसरले. त्या सकाळी आई पहिल्यांदा रडली.

दादाचा फोन आला की ती कॅमेरा छताकडे करायची. त्याला सगळं सांगावंच लागलं. त्याने तिलाच विचारलं.

"आई, तुला कोणी सांगितलं की डाग वाईट दिसतात?"

"सांगावं लागते का?" आई म्हणाली.

औषधाने आणि नेमाने सनस्क्रीन लावून डाग हळूहळू फिके झाले. जबड्याजवळचा एक मात्र राहिला. ट्यूबही डॉक्टरबाईंनी बेताबेताने बंद करवली. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी स्वतःच एक सौम्य लॅक्टिक ॲसिडचं पील घरी वापरायला दिलं. मला धक्काच बसला.

"पुन्हा?"

"चाकूने बोट कापलं म्हणून भाजी चिरायची थांबता का? आधी कानामागे थेंब लावा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट पाहा. मग संध्याकाळी, पातळ थर, सांगितलेल्या वेळेला धुवायचं. झोंबलं तर वेळेआधी. दुसऱ्या दिवशी सनस्क्रीनशिवाय दार उघडायचं नाही. आणि मी सांगेपर्यंत पुन्हा नाही."

आईने ते लावलं तेव्हा मी शेजारी उभी होते. काहीही पांढरं झालं नाही. वांग किंचित उजळले, गेले नाहीत.

पुढे तिचं अमेरिकेला जायचं ठरलं आणि व्हिसासाठी फोटो काढायला आम्ही कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो. मालकाने फोटो काढला, कॉम्प्युटरवर मोठा केला आणि आम्हाला न विचारताच माऊस फिरवला. वांग गेले. जबड्याजवळचा डाग गेला. आई खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेली.

"अशी दिसली असती मी?"

तिच्या चेहऱ्याकडे पाहायचं धाडस मला झालं नाही. "व्हिसाला असा चालत नाही हो," मी मालकाला म्हणाले. त्याने एक बटण दाबलं आणि माझी आई परत आली.

"दोन्ही छापा," आई म्हणाली.

खरा फोटो व्हिसाला लागला. दुसरा तिने कुठे ठेवला, ते मी तिला विचारलेलं नाही.