बेस

गाजलेल्या रॉक बँडमध्ये उभी हयात घालवूनही ज्याला कुत्रं विचारत नाही, असा माणूस बघायचा असेल तर या ‘मुक्या’ला बघावं. बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारा, खालून घुमणारा आवाज. मुका तो नव्हता हो; पण बँडचा गायक त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, आणि मेहुण्याशी भांडायचं म्हणजे घरात आग. पोस्टरवर सगळ्यांच्या मागे उभं केलं, गिळलं. त्याच्या धुनेचं कौतुक मेहुण्याने मुलाखतीत खुशाल खिशात घातलं, तेही गिळलं. कोणी कसं काय विचारलं, की उत्तर ठरलेलं: “बेस.”

सलायचं ते एकच. थकलेल्या वडिलांना जावयाची सगळी गाणी पाठ, आणि मुलाला मात्र ते दर वेळी विचारायचे, तू नक्की काय वाजवतोस रे? सांगून सांगून याच्या तोंडाला फेस आला. शेवटी बहिणीकरवी मेहुण्याला गळ घातली आणि शेवटच्या गाण्याआधी थोडं एकट्याने वाजवायची परवानगी मिळवली. वडिलांना तर कार्यक्रमाच्या कितीतरी आधी आणून पहिल्या रांगेत बसवलं.

आवाज तपासणारा माणूस नवा होता. कानातल्या यंत्रातून तो एकेकाला विचारत गेला. ड्रम? ड्रमवाल्याने बडवून दाखवलं. गिटार? तीही वाजली. मुक्याचं लक्ष वडिलांच्या खुर्चीकडे. तेवढ्यात कानात आलं, “बेस?”

याला वाटलं, बिचारा आपुलकीने चौकशी करतोय. सवयीने म्हणाला, “बेस.”

झालं! सगळं ठीक आहे असं समजून नवा माणूस पुढे सरकला, आणि याचा आवाज बाहेर प्रेक्षकांसाठी बंदच राहिला.

पायाजवळच्या स्पीकरमधून याला स्वतःचं वाजवणं ऐकू येत होतं, त्यामुळे पत्ताच लागला नाही. आपली पाळी आली तेव्हा डोळे मिटून जीव ओतला. सभागृह चिडीचूप. मग टाळ्यांचा कडकडाट.

कार्यक्रम संपल्यावर आतल्या खोलीत मेहुण्याने मिठीच मारली. नुसती बोटं हलवायची आणि आवाज नाही, काय कल्पना आहे म्हणे! आता प्रत्येक कार्यक्रमात ठेवू. मागोमाग नवा माणूस तोंड पाडून खरं काय ते सांगून गेला. मुक्याच्या अंगाची लाही लाही झाली. अख्खा कार्यक्रम बेसवाचून झाला, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही!

तोवर आत आलेल्या वडिलांनी पाठीवर हात ठेवला. “आज कळलं बघ. याला आवाजच नसतो.”

मुक्याने खोलीतल्या स्पीकरला गिटार जोडली. मेहुणा म्हणाला, जरा हळू, आम्ही बोलतोय.

“तुम्ही गप्प बसा,” मुका म्हणाला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. टेबलावरचे पेले थरथरायला लागले.

वडिलांचा चेहरा खुलला. “अरे, हे होय! हे तर मी प्रत्येक गाण्यात ऐकतो. याच्यावरच माझा पाय ठेका धरतो. मला वाटायचं, हे ड्रमवाला वाजवतो.”

कोपऱ्यात खात बसलेल्या ड्रमवाल्याने घास गिळला. “तुमचा आशीर्वाद, काका,” तो म्हणाला.