कोस्टा रिकाले कोण जाऊन राहिलं?

अमरावतीत माझं ताडपत्री शिवायचं दुकान आहे. ट्रकवाला फाटकी ताडपत्री आणून टाकतो आणि शिलाई होईस्तोवर बाकावर बसतो. बसलेला माणूस गप्प किती वेळ राहणार? एक जण किस्सा टाकून जातो, दुसरा त्याला ठिगळ लावतो. कातरणं मी रोज झाडून काढतो, किस्से मात्र साचत जातात. या हिवाळ्यात साचले ते सगळे एकाच घरचे, वानखडे मास्तरांचे. मास्तर शाळेत पी.टी. शिकवायचे. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी माझ्या बाकावर हजर. ते शिकलेले, मी सातवी नापास, म्हणून माझी कोणतीही थाप त्यांना लगेच पटते.

*

एक दिवस मास्तर आले आणि उभेच राहिले.

"गजू, समता कोस्टा रिकाले जातो म्हणते."

समता त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात नोकरीला.

"कंपनी पाठवून राहिली काय?"

"नाई बे. पतंग उडवाले."

मी मशीन थांबवली.

"समुद्रात," मास्तर म्हणाले. "पायाखाली फळी, वरतं पतंग. वारा माणसाले पाण्यावरून ओढत नेते म्हणते."

बाकावर दर्यापूरचा एक ड्रायव्हर बसला होता. त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "संक्रांतीले गच्चीवरून उडवली तं काय होते?"

मास्तरांनी हात झटकला. पण खरी अडचण वेगळीच होती. प्रमिलावहिनींनी मुलीला बजावलं होतं, घरचं कोणी सोबत असेल तरच जायचं. पोरगी कमावती, तरी आईचा शब्द मोडून विमानात बसणारी नाही. घरात माणसं तीन. वहिनी नोकरीपायी धारणीपर्यंत आणि लग्नकार्याला नागपूरपर्यंत, त्यापुढे कुठं गेल्या नाहीत. राहिले मास्तर. ते गेले नाहीत तर पोरीचं जाणं रद्द.

आणि मास्तर पाण्याला इतके भितात, की एसटी नदीच्या पुलावर आली की खिडकीची जागा सोडून देतात.

*

असं गिऱ्हाईक हाती लागल्यावर मी सोडतो काय?

"मास्तर, तिथी मगरी रायतात," मी म्हटलं. "पेपरात आलं होतं."

पेपर मी वाचत नाही, अंथरतो. मगर तोंडाला आली म्हणून मगर. हत्ती आठवला असता तर हत्ती म्हटलं असतं.

मास्तरांनी तिथंच फोन स्पीकरवर टाकून समताला विचारलं.

"आहेत ना बाबा," ती म्हणाली. "पण नदी समुद्राला मिळते तिकडे. आपण तिकडे नाही जायचं."

मास्तर माझ्याकडे आदरानं पाहत राहिले. घाम मला फुटला होता. जन्मभर थापा मारल्या, खरी निघालेली ही पहिलीच.

*

पण सवय जात नाही. पुढच्या आठवड्यात मी सांगून टाकलं, "त्या देशात उतरलं का विमानतळावरच पोहून दाखवा लागते. नाई आलं तं त्याच विमानानं वापस."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. मी कठड्याबाहेरून पाहायला गेलो. मास्तर पहिल्या पायरीवर उभे. पाणी घोट्यापर्यंत, गळ्यात जुन्या सवयीची शिट्टी. लहान पोरांची बॅच आली, पोहली, अंग पुसून घरी गेली. मास्तर त्याच पायरीवर.

शेवटी शिकवणारा जवळ आला. "सर, पाणी याच्यापेक्षा गरम नाई होत."

मास्तर घरी गेले. संध्याकाळी मला म्हणाले, "गजू, वय पाहून परीक्षेत सूट द्यावी, असा अर्ज कोणाच्या नावानं लिहू?"

मी म्हटलं, "मुख्याध्यापक, विमानतळ."

त्यांनी लिहिला. सुवाच्य अक्षरात.

*

जायला तीन आठवडे राहिले, तेव्हा समता तो पतंग घेऊन घरी आली. आईला दाखवायचा होता. दुकानासमोर उलगडला तर आमची अर्धी गल्ली झाकली. त्याच्या पुढच्या कडेला लांब नळी असते, तीत हवा भरली की पतंग ताठ होतो. हवा भरायचा हातपंप पोरगी पुण्यातच विसरली होती.

"पंप कायले पायजे?" मी म्हटलं. "बाजूले टायरवाला हाय."

मास्तरांचं घर गल्लीतच, समता आईला बोलवायला तिकडं गेली. टायरवाल्यानं नळी लावली. पतंग ताठ झाला, तसा टायरवाला हात काढायला लागला. मी म्हटलं, "अबे, अजून मार. एवढ्यात तं सायकल नाई चालत."

असा आवाज झाला की समोरचा रसवंतीवाला खाली बसला.

समता पळत आली. मला वाटलं, शिव्या देईल. ती रस्त्यावर बसली आणि फाटलेलं कापड गोळा करून मांडीवर घेतलं. मास्तर माझ्याकडे पाहत होते. गमतीनंतर कोणीच हसलं नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

दोन दिवस मी एकाही ट्रकचं काम घेतलं नाही. ताडपत्रीची सुई दाभणासारखी, पतंगाचं कापड पापडासारखं. बारीक सुई आणली, बारीक दोरा आणला. समता शेजारी स्टूल टाकून बसली.

"काका, टाका लहान घ्या."

घेतला.

"अजून लहान. हा उसवा."

शाळेत कोणत्या मास्तरांनी उसवलं नाही, एवढं मला पोरीनं उसवलं. आतली फुटलेली ट्यूब टायरवाल्यानं मान खाली घालून चिकटवली.

*

शिवलेला पतंग टिकतो का, हे पाहायला आम्ही दर्यापूर रोडला सोयाबीन निघालेल्या वावरात गेलो. वहिनी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसल्या. समतानं पतंग वर चढवला. माझी शिलाई टिकली. मग ती म्हणाली, "बाबा, एक मिनिट धरून पाहा. मी मागून धरते तुम्हाला."

मास्तरांनी धरला आणि नेमका तेव्हाच वारा आला. मुलगी मागं राहिली आणि मास्तर पुढं गेले. पावलं मी मोजली नाहीत, कारण पाय जमिनीला लागतच नव्हते. समता ओरडली, "सोडा बाबा, सोडा!" त्यांनी सोडला तेव्हा ते काळ्या मातीत पालथे होते.

उठले, मिशीतली माती झाडली आणि म्हणाले, "मी येत नाई. जमिनीवर ह्ये हाल, पाण्यात काय होईन?"

पोरीचं तोंड उतरलं. मीही मान खाली घातली.

वहिनी धुऱ्यावरून उठल्या. पर्समधून पासपोर्ट काढला. त्यांचा स्वतःचा, आत व्हिसा चिकटवलेला.

मास्तर म्हणाले, "हा कव्हा काढला?"

"तुमचा काढला तव्हाच. समतानं दोघायचे कागद भरले, पण म्या तिले हो म्हटलं नव्हतं."

"मंग मले काहून पाण्यात उतरवून राहिली होती?"

"म्या कव्हा म्हटलं तुमी जा म्हणून? म्या म्हटलं, घरचं कोणी पायजे." मग माझ्याकडे वळून, "धारणीले नर्स होती भाऊजी मी. लसीचा डबा डोक्यावर घेऊन गळ्याइतक्या पाण्यातून जावं लागे. तुमच्या मास्तरायले कव्हा सांगितलं नाई, काळजीनं जेवले नसते."

मास्तर धुऱ्यावर बसले. पाणी मागितलं, प्यायले मात्र नाहीत.

*

दोघी गेल्या. पंधरा-वीस दिवसांनी मास्तर दुकानात धावत आले. फोनवर व्हिडिओ आला होता.

निळं पाणी, वर पतंग, खाली फळीवर लाल हेल्मेट घातलेली एक बाई. दोन क्षण उभी राहिली, धपकन पडली, परत उठली. मग जी सुटली ती दूरवर पाणी कापत गेली.

"पाह्य गजू, पाह्य," मास्तरांचे डोळे भरून आले. "कशी जाऊन राहिली माही पोट्टी."

तेवढ्यात फोनमधून समताचा आवाज आला. अगदी जवळून, फोन हातात धरणाऱ्याचा येतो तसा.

"हात सैल सोड! समोर पाहा, आई!"

मास्तरांनी व्हिडिओ परत लावला. मग परत एकदा. एक थाप तोंडाशी आली होती, ती मी गिळली.

त्यांनी फोन बाकावर पालथा ठेवला, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "गजू, पोहायचा तलाव सकायी किती वाजता उघडते बे?"