जीप वाटणारी सायकल

पहाटेची एसटी गाठायला मला अंधारात केजपर्यंत सायकल मारावी लागते. जिवाच्या भीतीनं पुढचा दिवा घ्यायला गेलो, तर दुकानात एक अनोळखी गिऱ्हाईक होतं. त्यानं दुकानदाराच्या दोन्ही हातांत एकेक दिवा देऊन त्याला रस्त्यापलीकडं उभं केलं होतं. स्वतः रुमालाचं टोक चावत, डोळे बारीक करून बघत होता.

“हात आजून फाकवा,” तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला. “लांबून जीप वाटती का?”

“सायकलला दोन दिवे कशाला?”

“हँडलला आडवी काठी बांधून दोन टोकाला लावणार. एका दिव्याला कुणी रस्ता देत न्हाई.” त्याचा आवाज उतरला. “समोर एकच दिवा बघून माझा भाऊ मोटारसायकल समजला. लई जवळून गेलता. उसाचा ट्रॅक्टर निघाला, एक दिवा फुटलेला.”

मी दोन दिवे मागितले.

आता पहाटे समोरून एकच दिवा आला की मी सायकल रस्त्याखाली उतरवतो. दोन आले की वाटतं, त्याचीच सायकल असेल. तरी उतरवतोच.