ठेका सोडून विचारणारे दाजी

दाजी एकच प्रश्न तीनदा विचारायचे. लागोपाठ नाही. "जेवलास का?" हे घरात पाऊल टाकताच विचारायचे, मग पाणी पिऊन झाल्यावर, आणि मग दुसऱ्याच कुणाशी बोलता बोलता अचानक मान वळवून. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना वाटे, या माणसाला विसरायची सवय आहे. धुळ्याला आमच्या घरी ते अक्काला पाहायला आले, तेव्हा मुलीचा धाकटा भाऊ म्हणून मला त्यांनी "वाचायची आवड आहे का?" हे असंच तीनदा विचारलं. स्वयंपाकघरात अक्का आईला म्हणाली, "ऐकू कमी येतं का गं त्यांना?" ते बाहेर स्पष्ट ऐकू आलं. निघताना दाजी उंबऱ्यात थांबले आणि मला म्हणाले, "आत सांग, ऐकायला चांगलं येतं. तिन्ही वेळा सारखं उत्तर आलं, म्हणजे मुलगा खरं बोलतो."

अक्काने होकार दिला तो त्या वाक्यामुळे, असं ती नंतर सांगायची.

दाजींना जाऊन काही महिने झाले. त्यांच्याविषयी चार ओळी लिहायला बसतो आणि उठतो. मी ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस, शब्दांची अडचण नाही. अडचण लाजेची आहे. त्यांच्या आणि माझ्याही.

त्यांचं नाव सुधाकर. मूळचे दोंडाईचाजवळच्या खेड्यातले. डिप्लोमा करून जळगावला आले आणि एका लहानशा कारखान्यात सर्किटं करू लागले. केळी पिकवायच्या बंद थंड खोल्या असतात ना, त्यांच्या दारावर एक काचेची पाटी असते. तिला बोट लावून आतलं तापमान, हवा, गॅस कमीजास्त करायचा. त्या काचेमागचं सर्किट दाजींचं.

"बोट म्हणजे फार बारीक गोष्ट असते," ते मला समजावून सांगायचे. "काचेमागे तांब्याची पट्टी. बोट जवळ आलं की तिच्यावरचा विजेचा भार एवढासा वाढतो. सर्किट तो सारखं मोजत बसतं. वाढला, म्हणजे कुणीतरी हात लावला." मग हसून म्हणायचे, "पण शेजारी कॉम्प्रेसर आहे. तो सुरू झाला की तारांतून अशी खरखर येते, की पाटीला वाटतं बठ्ठं गावच्या गाव येऊन बोटं लावतंय."

हे खरोखर घडलं होतं. एका व्यापाऱ्याच्या खोलीत कुणी हात न लावता पाटीने तापमान चढवलं आणि सगळी केळी एकदम पिकून काळी पडली. व्यापारी कारखान्यात येऊन ओरडला, "तुमची पाटी आहे का भुताची?" दाजी त्याच्याबरोबर गेले. त्या थंड खोलीबाहेर स्टूल टाकून बसले. कॉम्प्रेसरची खरखर एका ठेक्यात येते आणि सर्किटही ठेक्यातच मोजतं. दोघांचे ठेके जुळले की प्रत्येक मोजणीत खरखरच सापडते, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मोजण्यांमधलं अंतर मुद्दाम वेडंवाकडं केलं. जी मोजणी बाकीच्यांपेक्षा फारच वेगळी येईल ती टाकून द्यायची, मधली खरी मानायची. पाटी शहाणी झाली.

"खरखर ठेक्यात येते, आपण ठेका सोडून विचारायचं," हे त्यांचं आवडतं वाक्य. घरातलं विचारणं आधीचं की सर्किटातलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कारखान्यात त्यांच्या हाताखाली वैशाली नावाची मुलगी होती. ती सकाळी आल्या आल्या मोठ्याने म्हणायची, "सर, डबा आणलाय. दुपारी विचाराल तेव्हाही आणलेला असेल. संध्याकाळचं उत्तर उद्या देते." दाजी सगळ्यांच्या आधी हसायचे.

जळगावातल्या पिंप्राळ्याच्या त्यांच्या घरात अक्का त्यांना कशी पुरून उरायची ते मी पाहिलं आहे. तिसऱ्यांदा विचारलं की ती उत्तर मुद्दाम बदलायची. "भाजीत मीठ बरोबर आहे ना?" याला दोनदा हो म्हणून तिसऱ्यांदा म्हणायची, "नाही, खारट आहे. आता टाका कुठलं टाकायचं ते."

अक्का गेली ते याच हिशेबात गेली.

त्या दिवशी नव्या पाट्या तपासून बाहेर पाठवायच्या होत्या. सकाळी दाजी निघताना तिने सांगितलं, पाठीत आणि जबड्यात काहीतरी वेगळंच दुखतंय. दुपारी त्यांनी फोन करून विचारलं. ती म्हणाली, "काही नाही हो, उशी वाकडी झाली असेल." संध्याकाळी घरी आल्यावर विचारलं. ती म्हणाली, "बरं आहे, किती विचाराल?" दोन उत्तरं सारखी, एक वेगळं. दाजींनी वेगळं टाकून दिलं. पहाटे तिला दवाखान्यात नेलं तेव्हा ती गेलेलीच होती. मी धुळ्याहून धावत पोचलो. डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "दुखणं हृदयाचं होतं. सकाळीच आणायला हवं होतं." एवढंच बोलून ते पुढच्या रुग्णाकडे वळले.

तेराव्याला माणसं पांगल्यावर दाजी माझ्याजवळ येऊन बसले. गावाकडची बोली ते क्वचित बोलत. त्या दिवशी बोलले. "मनी चूक व्हती ना रे?" माझीच चूक होती ना, असं ते विचारत होते. आणि लगेच, माझ्याकडे न बघता, "सकाळचं वाचन मी फेकलं."

माझ्या बहिणीच्या दुखण्याला त्यांनी सर्किटातल्या मोजणीसारखं वाचन म्हटलेलं मला लागलं. पण त्यांच्याकडे दुसरा शब्द नव्हता. मला आतून ठाऊक होतं, की हो, चूक होती. डॉक्टरांनी सांगितलेलं आम्ही दोघांनी ऐकलं होतं. तरी मी शिकल्यासवरल्या माणसासारखा म्हणालो, "असं काही मनात आणू नका, दाजी. तुमची काही चूक नाही." ते मान हलवून उठून गेले.

त्यानंतर त्यांनी कुणालाही काही तीनदा विचारलं नाही. वैशाली मला म्हणाली, "सर आता एकदाच विचारतात आणि उत्तर संपेपर्यंत हातातलं काम खाली ठेवतात. आम्हालाच अवघडल्यासारखं होतं." मग त्यांनी ते चालू असलेलं, कुणाची तक्रार नसलेलं सर्किट पुन्हा उघडलं. एखादी मोजणी वेगळी आली की ती टाकायच्या आधी सर्किटाने जागीच थांबायचं, दुसऱ्या वेगाने, दुसऱ्या तऱ्हेने भराभर मोजून बघायचं, आणि मगच ती खरखर होती की बोट, ते ठरवायचं, असा बदल त्यांनी केला. त्यामुळे पाटी किंचित उशिरा उत्तर देऊ लागली. कारखान्याचे मालक शेठ वैतागले.

"सुधाकरभाऊ, गिऱ्हाईक म्हणतं पाटी विचार करते."

"करू द्या."

"अहो, आधीची चांगली चालत होती की!"

"चालत होती," दाजी म्हणाले. "टाकायचं असेल ते टाकावं, शेठ. पण त्याला विचारून टाकावं."

शेठना याचा अर्थ कळला नसावा. पण दाजींच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी विषय सोडला.

दरवर्षी अक्काच्या तिथीला दाजी धुळ्याला यायचे. आम्ही पुस्तकांवर बोलायचो, उन्हावर बोलायचो, कारखान्यातल्या गमतींवर बोलायचो. अक्काचं नाव निघायचं नाही. एकदा गच्चीवर उभे असताना त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि मी पुन्हा तेच म्हणालो. उलट जास्त मऊ आवाजात म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मला तेव्हा कृतज्ञतेचं वाटलं. आज वाटतं, ते एकट्या पडलेल्या माणसाचं पाहणं होतं. ज्याला ठाऊक आहे तोच नाही म्हणतो, मग कबूल तरी कुणाजवळ करायचं?

गेल्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी रजा टाकून पिंप्राळ्याला राहायला गेलो. दुपारी त्यांना पेज भरवायचो, वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. अशाच एका दुपारी वाचता वाचता त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"शालकबुवा, पेपर ठेव. मनी चूक व्हती ना?"

"नाही" तोंडापर्यंत आलं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीने आपोआप आलं होतं. त्यांचा हात खूप हलका झाला होता. मी पेपराची घडी केली.

"व्हती, दाजी."

त्यांनी डोळे मिटले. मी घाबरलो. मरणाच्या दारातल्या माणसाला हे काय बोललो, असं वाटून मान वर करवेना.  मग ते म्हणाले, "बरं झालं. आता तिच्याविषयी बोलता येईल."

आणि बोलू लागले. त्या शेवटच्या संध्याकाळी अक्का ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. समोरच्या मुलीची स्कूटर सुरू होत नव्हती. अक्का जन्मात स्कूटरवर पुढे बसलेली नव्हती, पण बसल्या जागेवरून हुकूम सोडत होती, "आधी चोक ओढ. अगं, ओढ ना! आता लाथ मार." आणि स्कूटर सुरू झाली. ती दाजींकडे वळून म्हणाली, "बघा, इंजिनिअरच्या बायकोला पण काहीतरी येतं." हे सांगताना त्यांनी तिचा आवाज काढला. हसताना त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं, तेवढा घोट घेऊन ते पुढे बोलू लागले.

इतकी वर्षं तिची शेवटची संध्याकाळ या माणसाजवळ होती. मी त्यांना चांगुलपणाने निर्दोष ठरवत राहिलो, म्हणून ती त्यांना उघडता आली नाही. निर्दोष माणसाला रडायला, सांगायला जागाच उरत नाही, हे माझ्या इतक्या पुस्तकांतून मला कळलं नव्हतं. मी खाली बघत ऐकत होतो.

"तुझंही नाव काढलं होतं तिने," दाजी म्हणाले. "घाटे तुझ्यासाठी सोलत होती. म्हणाली, भावाला रविवारी बोलवा, त्याला आवडते ही भाजी. मी उद्या फोन करतो म्हणालो होतो."

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "तुला निरोप द्यायचा राहिला रे."

 मी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि ते झोपेपर्यंत तसाच धरून बसलो.