मेधाने लावलेली प्रवाळं

मंडळी, दुपारपासून मी नुसती बसून आहे.

माझी धाकटी बहीण मेधा मालवणला सरकारी प्रकल्पात आहे. समुद्रात बुडी मारून मोडलेली प्रवाळं पुन्हा खडकावर लावते. सध्या सुट्टीवर आमच्याकडे, म्हैसूरजवळ हिनकलला आली आहे. आज जेवताना तिला फोन आला. समुद्राचं पाणी तापल्यामुळे तिने लावलेली प्रवाळं पांढरी पडली, बरीचशी मेलीसुद्धा.

"सरकार काही करेल ना?" मी विचारलं.

"केलंय ताई. प्रवाळ तोडायला बंदी आहे, तिथे नांगर टाकायलाही बंदी आहे. पाण्याला तापायची बंदी कशी घालणार?"

ताकभात संपवून तिने उद्याचंच परतीचं तिकीट काढलं.

"आता कशाला जातेस?"

"पुन्हा लावायला."

मला रडूही येईना. तुम्ही तिला थांबवलं असतं, की मुकाट्याने डबा बांधून दिला असता?